माझा आळशी भाऊ

माझ्या धाकट्या भावाला मी जन्मभर आळशी म्हणत आले. तो होताही आळशी, उगाच कशाला खोटं बोलू. शाळेच्या पुस्तकाला त्यानं आपणहून कधी हात लावला नाही. मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. धुळ्यात आमचं दोन खोल्यांचं घर. वडील एसटीत कंडक्टर, म्हणजे दोन दिवस घरी तर चार दिवस मुक्कामाच्या गाडीवर. आईला जेमतेम सही करता यायची. त्यामुळे त्याचा अभ्यास माझ्या गळ्यात पडला. मी धडा मोठ्यानं वाचायचे आणि हा पठ्ठ्या भिंतीवर चेंडू आपटत बसायचा. चिडून विचारलं, सांग मी आत्ता काय वाचलं, की धडा जसाच्या तसा म्हणून दाखवायचा, वाचताना मी मध्येच खोकले असेन तर त्या खोकल्यासकट. दोनदा ऐकलं की त्याला पाठ. मी घोकून घोकून पाठ करणारी, त्यामुळे मला त्याचा राग यायचा आणि मनातून कौतुकही वाटायचं. कौतुक मी कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे धाकट्याचं तोंडावर कौतुक करत नाहीत, पोरं डोक्यावर बसतात म्हणे.

लग्न होऊन मी जळगावला आले, पिंप्राळ्यात संसार मांडला, शाळेत नोकरी धरली. जळगावात तेव्हा हौशी मंडळींचा एक नाटकाचा संच होता, दरवर्षी राज्य स्पर्धेला उतरायचा. दिग्दर्शक दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी तालमी घ्यायचे. त्यांना सगळे नाना म्हणत. माझा भाऊ कॉलेज संपवून धुळ्यातल्या एका कापडाच्या दुकानात चिकटला होता. त्या संचात तोही काम करायचा. शनिवारी दुपारच्या गाडीनं यायचा, रविवारची तालीम करून परत जायचा. त्याची नक्कल, म्हणजे त्याच्या वाट्याच्या संवादांचे कागद, मीच वाचून दाखवायचे. मी भाकरी थापता थापता संवाद म्हणायचे आणि तो ओट्याला टेकून ऐकायचा. नानांनी एकदा घरी येऊन हे पाहिलं आणि म्हणाले, मग विंगेतही तुम्हीच बसा. अशी मी प्रॉम्प्टर झाले.

विंगेतल्या अंधारात स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, हातात छोटी बॅटरी. नटाला आठवलं नाही की पुढच्या वाक्याचा पहिला शब्द तेवढा द्यायचा. कठीण असतं ते गप्प राहणं. नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय हे ओळखता आलं पाहिजे, कारण थांबलेल्या नटाला शब्द दिला तर तो नंतर मेकअपच्या खोलीत आपल्याला खाऊ की गिळू करतो. माझ्या भावाचं मला बरोबर कळायचं. मुद्दाम थांबला असेल तर त्याचा श्वास सावकाश चालू असायचा. विसरला असेल तर श्वास धरून ठेवायचा. मग मी शब्द सोडायचे. तशी वेळ वर्षातून एखादीच.

बत्तिसाव्या वर्षी त्यानं एका म्हाताऱ्या पोस्टमास्तरचं काम केलं. नाटक जळगावच्याच एका मास्तरांनी लिहिलेलं, पुढे कधी छापलंही गेलं नाही. बत्तीस वर्षांचा माणूस, पण काठी टेकत आला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईनं हात पुढे केला होता, पडेल की काय म्हणून. त्या कामाला त्याला बक्षीस मिळालं आणि मुंबईच्या एका परीक्षकानं बोलावून घेतलं. दुकान सोडून तो गेला.

पहिली काही वर्षं त्यानं व्यावसायिक नाटकांत नोकर, शेजारी, वकील अशी कामं केली. मग मालिका आल्या. मालिकांत तो आधी नुसता हवालदार. त्याच्या अहिराणी वळणाच्या बोलण्याला तिकडचे लोक हसायचे, म्हणून हवालदार, नाहीतर तलाठी. पुढे बढती मिळून डॉक्टर झाला, ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन चष्मा काढणारा. इतके पेशंट त्यानं देवाच्या हाती सोपवले की आमच्या कॉलनीत त्याला खरंच डॉक्टर म्हणायला लागले. शेवटी एका रोजच्या मालिकेत नायिकेच्या सासऱ्याचं काम मिळालं, बायकोला घाबरणारा, मनानं चांगला असा सासरा, आणि ते पाच वर्षं चाललं. मी कुठेही गेले की लोक मला सासऱ्यांची बहीण म्हणून ओळखायचे. पहूरच्या एका बाईनं बसमध्ये मला खिडकीची जागा दिली, आणि उतरेपर्यंत सुनेशी तुमचा भाऊ असं का वागला म्हणून भांडत राहिली.

त्याच काळात मी ठाण्याला त्याच्याकडे गेले होते, तेव्हा एक दिवस शूटिंग बघायला गेले. कॅमेऱ्याशेजारी एक मुलगी कागद धरून उभी होती. ती एकेक वाक्य मोठ्यानं वाचायची आणि माझा भाऊ तिच्या मागून ते म्हणायचा. तिचा आवाज नंतर काढून टाकतात म्हणे. सगळेच नट तसं करत होते. सीन सकाळी लिहून येतो, पाठ करायला वेळ कोणाला असतो, असं मला तिथल्या एकानं समजावलं. माझं डोकं फिरलं. जेवणाच्या सुट्टीत मी भावाला म्हटलं, हे म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. तो हसला आणि म्हणाला, सवय तूच लावलीस. मला ते लागलं. टीव्हीनं याला पुरता आळशी करून ठेवलाय, हा माझा ग्रह त्या दिवशी पक्का झाला. पुढचं सगळं त्या ग्रहापायी झालं.

मालिका संपल्यावर वर्षभर तो घरीच होता. साठी उलटलेली. तेवढ्यात नानांच्या मनात आलं की तेच पोस्टमास्तरचं नाटक पुन्हा करावं. आता म्हाताऱ्याला पांढरा रंग लावायची गरज नाही, असं ते म्हणाले. दोन प्रयोग ठरले, पहिला जळगावला आणि पंधरा दिवसांनी दुसरा धुळ्याला. भाऊ लगेच तयार झाला. त्याला ओढ होती ती धुळ्याची. स्पर्धेची नाटकं जळगावला व्हायची, आणि व्यावसायिक नाटकाच्या दौऱ्यात धुळ्याला आला तेव्हा त्याच्या हातात चहाचा ट्रे असायचा. आपल्या गावात पडदा उघडतोय आणि मधोमध आपण उभे आहोत, असं शाळेनंतर त्याच्या नशिबी कधी आलं नव्हतं. फोनवर मला म्हणाला, एवढं धुळ्याचं होऊ दे, मग मी कोणाकडे काही मागणार नाही.

तालमींसाठी तो सहा आठवडे माझ्याकडे राहायला आला. भावजय नोकरीमुळे ठाण्यालाच राहिली. आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला, त्यामुळे घरात हक्काचं माणूस आलं म्हणून मी खूश होते. पहिल्याच दिवशी जुनी वही काढली आणि पहिला अंक दोनदा वाचून दाखवला. मग म्हटलं, म्हण आता. त्याला चार वाक्यं आली. पाचव्याला जांभई दिली आणि म्हणाला, उद्या बघू, आज प्रवासाचा शीण आहे.

दुसऱ्या दिवशी उकडत होतं. तिसऱ्या दिवशी कूलरचा आवाज त्याच्या डोक्यात जात होता. चौथ्या दिवशी भरीत जरा जास्तच झालं म्हणून डोळ्यांवर झापड. एकेक कारण तो असा हसत हसत सांगायचा की लहानपणीचा तोच द्वाड पोरगा समोर बसलाय असं वाटावं. आणि मीही लहानपणीचीच अक्का झाले. सकाळी उठवून गॅलरीत बसवायचे, एक पान झाल्याशिवाय उठू द्यायचे नाही. काय नाही बोलले मी त्याला. तोंडाला लोणी लागलंय तुझ्या, म्हटलं. त्या पोरीनं वाचायचं आणि तू ओठ हलवायचे, त्याचे पैसे घेताना लाज कशी वाटली नाही, असंही म्हटलं. तो मान खाली घालून ऐकायचा, आणि मग म्हणायचा, बरं, परत एकदा वाच.

दहाव्यांदा वाचूनही ते टिकायचं नाही. सकाळी आलेलं पान संध्याकाळच्या तालमीत कोरं. तो वाक्यं लिहून ठेवायला लागला, तळहातावर, पेपरच्या कोऱ्या कडेवर, एकदा तर माझ्या गॅलरीच्या भिंतीवर पेन्सिलीनं. पाठांतर टाळायला जेवढी खटपट करतोस तेवढ्यात दोन नाटकं पाठ झाली असती, असं मी सुनावलं. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेला की तासभर पत्ता नाही. तीनदा आमच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्यानं त्याला घरी आणून सोडलं. हा रिक्षावाला मुसलमान, वयानं पोक्त, माझ्या मुलाला लहानपणी शाळेत सोडायचा. तिसऱ्या खेपेला तो जिन्यापाशी थांबला आणि मला म्हणाला, "ताई, काकांना एकटं सोडू नका." मला वाटलं, लोक ओळखतात, गराडा घालतात, म्हणून म्हणतोय. दोनदा ऐकून धडा पाठ म्हणणारा पोरगा माझ्या डोक्यात इतका घट्ट बसला होता की दुसरं काही मनात येईना. जे रिक्षावाल्याला दिसलं ते मला दिसलं नाही.

एकदा रागाच्या भरात मी वही त्याच्या अंगावर फेकली. जुनी शिलाई, पानं सुटली, पलंगाखाली गेली. मी स्वयंपाकघरात निघून गेले. तासाभरानं पाहिलं तर तो जमिनीवर बसून पानं लावत होता. प्रत्येक पानावर आकडा होता, तरी ती लागत नव्हती. मी म्हटलं, छान, आता हे एक निमित्त सापडलं. त्यानं पलंगाखालून आणखी एक पान ओढलं.

जळगावचा प्रयोग रविवारी दुपारी होता. टीव्हीवरचा सासरा म्हणून नाट्यगृह भरलं. भावजय सकाळच्या गाडीनं आली आणि तिसऱ्या रांगेत बसली. पहिला अंक बरा गेला. मी दर दोन-तीन वाक्यांना शब्द देत होते, मागच्या रांगांना ऐकू जात नसावं. दुसऱ्या अंकात पोस्टमास्तर न वाटलेल्या पत्रांची पिशवी उघडतो, तिथं एक लांब बोलणं आहे. त्यानं पिशवी उघडली, एक पत्र हातात घेतलं आणि थांबला. मी वहीवरून नजर उचलली. श्वास शांत चालू होता. मी समाधानानं गप्प बसले, म्हटलं, जुना नट जागा झाला. मी थांबले. लोकही थांबले. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण मागे कोणीतरी खोकलं, मग आणखी कोणीतरी. तो विसरला नव्हता. विसरलेला माणूस घाबरतो. त्याला आपण काही बोलायचं होतं हेच माहीत नव्हतं.

मी पहिला शब्द दिला. मग वाक्य दिलं. तेव्हा तो आवाजाच्या दिशेनं चालत विंगेपाशी आला, आत वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अक्का, पुढे काय शे?"

नाट्यगृह हसलं. टाळ्या पडल्या. सासऱ्याची अहिराणी ऐकायलाच तर आले होते लोक. मी वाचत गेले, तो माझ्या मागून म्हणत गेला, आणि उरलेला अर्धा तास नाटक दोन आवाजांत झालं. तिथं आवाज काढून टाकणारं कोणी नव्हतं.

मेकअपच्या खोलीत नाना होते, इतर नट होते, भेटायला आलेले चार लोक होते. त्या सगळ्यांसमोर मी त्याला म्हणाले, लाज वाटायला पाहिजे तुला, वडील असते तर त्यांनी तोंड लपवलं असतं. कापसानं गालावरचा रंग पुसत तो म्हणाला, "मनं चुकनं, अक्का." मी तशीच रिक्षा करून घरी आले. आजही ते वाक्य मला जेवताना, भाजी निवडताना कधीही आठवतं, आणि मग माझ्या हातून काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो झोपलेला असताना भावजय गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसली. त्यानं शपथ घातली होती, पण कालचं ऐकून तिच्यानं राहवेना. आठ महिन्यांपूर्वी मुंबईत डॉक्टरांना दाखवलं होतं. त्याची स्मृती चालली आहे, ती जातच राहणार, औषधानं फार तर वेग कमी होईल. मालिकेच्या शेवटच्या दोन वर्षांतच सुरू झालं असावं असं डॉक्टर म्हणाले. पण सेटवर कोणाला कळणार होतं, तिथं सगळ्यांनाच प्रत्येक वाक्य वाचून दाखवत होते. मालिका बंद झाल्यावर तो स्टेशनहून घरी यायचा रस्ता चुकला, तेव्हा हिच्या लक्षात आलं.

मला का नाही सांगितलं, मी विचारलं. ती बराच वेळ रडली आणि मग म्हणाली, "मी म्हटलं होतं अक्कांना सांगू या. तर म्हणाले, सांगू नकोस. आळशी माणसाला अक्का सोडत नाही. आजारी म्हटलं की सोडून देईल."

जांभया, कूलर, भरीत, ते हसत हसत दिलेलं एकेक कारण, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. सहा आठवडे माझ्यासमोर त्यानं आळशी माणसाचं काम केलं होतं. संवाद विसरत होता, रस्ते विसरत होता, पण हे एक काम विसरला नाही. मी जे जे म्हणून टाकून बोलले ते त्यानं मागून घेतलं होतं, कारण मी बोलत होते तोवर त्याचं धुळं शाबूत होतं. मी पदराचा बोळा तोंडात घालून रडले, आत त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

नाना दहाच्या सुमारास आले. मी त्यांना जिन्यातच गाठून सगळं सांगितलं. ते पायरीवर बसले. म्हणाले, धुळ्याचं मी रद्द करतो, नाट्यगृहाची तारीख गेली असं त्याला सांगू. मी त्यांना म्हटलं, आज काही करू नका, मला एक दिवस द्या. माझं ठरलं होतं. त्याला रागावूनच हवं होतं ना, मग मी रागावणार होते, उरलेले पंधरा दिवस, पूर्वीपेक्षा जास्त. विंगेतून सगळं नाटक वाचलं तरी चालेल, धुळ्याच्या लोकांना हसायचं तर हसू दे, पण पडदा उघडल्यावर तो मधोमध उभा राहील.

तो उठला, तोंड धुऊन गॅलरीत येऊन बसला. मी वही घेऊन समोर बसले. कालचं पुरे झालं, म्हटलं, आज पहिल्यापासून सुरुवात, आणि जांभई दिलीस तर बघ. शब्द सगळे तेच होते. मी वाचायला लागले. चौथ्या वाक्याला तो अडला. मी पुढचं वाक्य वाचलं. त्याला तेही आलं नाही. मी परत वाचलं. परत वाचलं. मग मी, न विचारता, त्याच्या शर्टाचं वर-खाली लागलेलं बटण काढून नीट लावलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तिनी तुले सांगी दिधं ना?"

मी आवाज चढवून म्हटलं, काय सांगितलं, कोणी सांगितलं, पुढचं वाक्य म्हण आधी, आळशी मेला. पण माझा हात अजून त्याच्या बटणावरच होता.

"राहू दे," तो म्हणाला. "तुले काम करता येत नही, अक्का."

त्यानं माझ्या मांडीवरची वही घेतली, मिटली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसला. धुळ्याचा प्रयोग झाला नाही.